थोरला प्रीअँप आणि धाकटा

मावशी म्हणते, मला माणसांपेक्षा यंत्रांशी बरं बोलता येतं. खोटं नाही ते. यंत्र बिघडलं की सरळ खरखर करतं, माणसं मात्र "काही नाही गं, ठीक आहे" म्हणतात आणि आपण बसायचं ओळखत. त्यामुळे आमच्या घरात काही बिनसलं की मी आधी वायर तपासते. या गोष्टीतही मी तेच केलं, आणि चांगली तोंडावर आपटले.

आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. काचेच्या पलीकडे माइक, एक खुर्ची आणि वाचायला तिरका स्टँड. अलीकडे टेबल, कॉम्प्युटर, स्पीकर आणि चहाचे कप, जे धुवायची पाळी नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असते. हा स्टुडिओ उभा केला काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी. मी कॉलेज संपल्यावर "चार दिवस येऊन बघते" म्हणाले आणि मुक्कामच ठोकला. गाणाऱ्यांचं येणंजाणं आमच्याकडे कमी. आमचं काम बोलण्याचं. लोक पुस्तकं वाचतात, आम्ही ती रेकॉर्ड करतो, आणि मग ज्यांना वाचायला सवड नाही किंवा नजर नाही ते ती ऐकतात.

या वाचणाऱ्यांमध्ये सगळ्यांत मागणी मावशीला. आवाज काही फार गोड नाही तिचा. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या बाईचा असतो तसा, जरा भरड. पण ती वाचायला लागली की हातातलं काम बाजूला पडतं.

ती वाचायची दुपारी. त्याला कारण शेजारचा फर्निचरचा कारखाना. सकाळभर तिथे करवत किंचाळत असते आणि काच कितीही जाड असली तरी करवतीला ते कुणी सांगितलेलं नसतं. दुपारी मात्र पॉलिशचं काम, ते बिचारं मुकं. तेव्हा मावशी आणि काका घरून जेवून यायची, ती पलीकडे बसायची, ते अलीकडे, आणि मी डबा न्यायचा कंटाळा म्हणून जेवायला घरी जायचे. परत येईपर्यंत प्रकरण वाचून झालेलं असायचं.

काकांच्या काही पद्धती होत्या, त्या आमच्या धंद्यात नावाजलेल्या. एक म्हणजे टाळी. वाचताना चूक झाली तर वाचणाऱ्याने टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. टाळीचा उंच खांब स्क्रीनवर लांबून दिसतो, तिथे नंतर कापायचं. मध्ये थांबवून चूक सांगायची नाही, त्याने तंद्री मोडते, असं काका म्हणायचे. दुसरी गोष्ट म्हणजे ते डोळे मिटून ऐकायचे. हात पोटावर बांधून, डोळे मिटून. कुणी सहज आत डोकावलं तर पावलं न वाजवता मागे फिरायचं आणि बाहेर सांगायचं, याला म्हणतात ऐकणं. मी दोन्ही गोष्टी उचलल्या आणि पुढे शिकायला येणाऱ्यांनाही शिकवल्या, तेही जरा मान ताठ करून.

एका दीपगृहाच्या रखवालदारावरची जाडजूड कादंबरी मावशी वाचत होती. अर्धी झाली आणि काका गेले. सकाळी दाढी करता करता गेले, अर्ध्या गालाला फेस तसाच. त्यानंतर वर्ष उलटलं तरी मावशीने मोठ्याने काही वाचलं नाही, वर्तमानपत्रातला मथळासुद्धा नाही. पुस्तकं ऐकवणाऱ्या कंपनीने बरंच थांबून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग एकदा निरोप आला की आता उरलेली अर्धी हवी. अट एकच. ती पहिल्या अर्ध्याशी जुळली पाहिजे. ऐकणाऱ्याला मध्येच वेगळ्या खोलीत गेल्यासारखं वाटता कामा नये. नाही जुळली तर पहिला भाग रद्द, आणि सगळं पुस्तक नव्याने वाचायचं, मावशीने नाहीतर दुसऱ्या कुणी.

मी मावशीला म्हटलं, "नव्यानेच वाच की सगळं. डोक्याला ताप नाही."

ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, "तो भाग ह्यांच्या हातचा शेवटचा आहे. तो कचऱ्यात जाणार असेल तर मी पुढचं एक पान वाचायची नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं."

मावशीने एकदा असं म्हटलं की संपलं. म्हणजे जुळवायचं माझ्यावर आलं.

आता प्रीअँप. माइकमधून येणारा आवाज इतका बारीक असतो की तो उचलून मोठा केल्याशिवाय रेकॉर्डच होत नाही. हे उचलायचं काम करतो तो प्रीअँप. दिसायला एक लोखंडी डबा, पुढे एक बटण. पण प्रत्येकाची उचलायची तऱ्हा वेगळी, आणि त्या तऱ्हेवर आमच्या धंद्यातली माणसं जेवायचं सोडून भांडतात. आमचा प्रीअँप म्हणजे काकांनी तरुणपणी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला राखाडी धोंडा. त्याला आम्ही थोरला म्हणायचो. त्याच्या बटणावरचे आकडे एका बाजूने पार पुसून गेलेले, तिथलं लोखंड बोटांनी चकचकीत झालेलं. काका त्या बटणाने आवाज किती नाजूकपणे सावरायचे याचा मी तो पुरावा मानायचे.

काका गेल्यावर काही दिवसांतच थोरला खरखरायला लागला. मावशी म्हणाली, "त्यालाही कळलं असेल." मी म्हटलं, "आतला एखादा कपॅसिटर वाळला असेल."

थोरला आजारी, म्हणून मी धाकटा मागवला. त्याच जुन्या आराखड्यावरून, हुबेहूब त्याच बांध्याचा, पण नव्या भागांचा बनवलेला. असे हल्ली मिळतात. दुकानदाराने आठवडाभर वापरून बघायला दिला. राखाडी रंगसुद्धा तोच, फक्त टवके उडालेले नाहीत. मावशीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पोरगं स्वच्छ आहे." मग पलीकडे जाऊन बसली, चष्मा चढवला, आणि वर्षभराने वाचलं. एक पान. एकही चूक नाही.

ते पान मी कंपनीत पाठवलं. तिथे आवाज तपासणारा एक जण आहे. मी त्याला मनातल्या मनात कानसेन म्हणते. त्याचा फोन आला.

"मॅडम, वाचन उत्तम आहे. पण जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"पहिल्या भागात एक ऊब आहे. ती यात नाही."

"ऊब म्हणजे नक्की काय? खालचे सूर कमी पडतात का? वरचे जास्त होतात?"

"नाही हो. ऊब म्हणजे..." तो थांबला. "ऊब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या शब्दाला ना माप ना वजन, त्या शब्दावर लोक पगार घेतात. पण फोन ठेवून मी जुना भाग लावला, मग नवं पान लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मेल्याचं म्हणणं खरं होतं. जुन्या भागात मावशी आपल्याला गोष्ट सांगत होती. नव्या पानात ती पान वाचत होती. मी ठरवून टाकलं, हा दोष धाकट्याचा.

मग डॉक्टरला बोलावलं. जुनी यंत्रं दुरुस्त करणारा हा गृहस्थ यंत्राला हात लावायच्या आधी "कधीपासून होतंय?" विचारतो, म्हणून त्याचं नाव डॉक्टर. त्याने थोरल्याचं झाकण काढलं, वाळलेले भाग काढले, स्वतःच्या बिस्किटाच्या डब्यातले बसवले आणि हात पुसत म्हणाला, "ताई, जुन्या लोखंडाची सर नव्याला यायची नाही. ऊब लोखंडात असते." मला ते तंतोतंत पटलं. मी स्वतः शिकायला येणाऱ्यांना हेच सांगत आले होते. जुन्या भागात मधूनच एखादं वाक्य उसळी मारून वर येतं आणि त्या उसळीत एक गोडवा असतो. तो थोरल्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचा, आवाजाला जोर आला की जुनं लोखंड त्याला गोंजारतं, यावर माझं एक छोटं व्याख्यानच तयार होतं. चित्रांसकट.

मावशीने तेच पान थोरल्यावर वाचलं. तापल्यावर तो अजूनही कधीकधी कुरकुर करत होता, पण पान निभावलं. मी पाठवलं, आणि यावेळी कोणता प्रीअँप ते मुद्दाम सांगितलं नाही.

"मॅडम, हे मागच्यासारखंच आहे," कानसेन म्हणाला. "कोरडं. मला वाटतं आपण नव्याने वाचायचं बघू या. मी आणखी थोडे दिवस थांबवू शकतो, पण फार नाही."

मावशीला हे सांगायची हिंमत होईना, म्हणून मी तिला सांगितलं की तो अजून ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी मी एका माइकची वायर दोन्हीकडे जोडली. एकच आवाज, एकाच वेळी थोरल्यातून आणि धाकट्यातून. मावशीने पान पुन्हा वाचलं. "पाठ झालं मला हे," ती कुरकुरली. दोन्ही रेकॉर्डिंगं मी शेजारी शेजारी ठेवून ऐकली. फरक होता, नाही असं नाही. एकाच चहाचे दोन कप, एकात साखर किंचित जास्त, एवढा. आणि जुना भाग लावला तर तो चहाच वेगळ्या घरचा.

मग मी प्रीअँप सोडून दिले आणि नुसती मावशी ऐकली. जुन्या भागात, वाक्य संपता संपता आवाज जरासा बाजूला जायचा. माइकपासून दूर. मग छोटासा विराम. मग पुढचं वाक्य, कधी नेहमीसारखं, कधी उसळी मारून. हे कुठलंच यंत्र करत नाही. हे मान करते. वाक्य संपलं की मावशी मान वर करत होती. कागदावरून नजर उचलून समोर काचेकडे बघत होती.

आणि आता ती वर बघत नव्हती, कारण बघायला काही नव्हतंच. काका गेल्यावर त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे मला बघवेना. मी खुर्ची मागच्या खोलीत टाकली होती आणि टेबल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते. वर्षभराने पहिल्यांदा वाचायला बसलेल्या मावशीला काचेतून माझी पाठ दिसत होती. मला स्वतःची लाज वाटली. वायरी तपासण्यात मी आठवडा घालवला आणि टेबल मीच फिरवलं होतं.

मावशीला यातलं काही न सांगता मी टेबल पुन्हा सरळ केलं. काकांची खुर्ची बाहेर काढली, पुसली. तिची गादी मधोमध खचलेली, बसलं की माणूस आत जातो आणि उठायची इच्छा राहत नाही. मी काचेकडे तोंड करून बसले. मनात पक्कं केलं की मावशीने वर बघितलं की छान, आश्वासक मान हलवायची. काका नक्की तेच करत असणार. इतक्या वर्षांचा संसार, एवढं तर येतंच समजून.

मावशी आत आली, खुर्ची बघितली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. वाचायला लागली. पहिल्या वाक्याला मान वर आली. ती सवय होती, नजर आपोआप तिथे गेली होती. मी मान हलवली. दुसऱ्या वाक्याला पुन्हा. तिसऱ्याला मी मान हलवून वर जरा हसले. मावशीचं वाचन हळूहळू असं झालं जसं शाळेत तपासणीला साहेब आले आहेत आणि तिला उभं करून धडा वाचायला सांगितलाय. पानाच्या मध्यावर तिने टाळी वाजवली.

चूक तर काही झाली नव्हती. मी तिच्याशी बोलायचं बटण दाबलं. "काय गं?"

"तूच सांग काय ते. नंदीबैलासारखी मान काय हलवतेयस मघापासून?"

"अगं, काका हलवायचे तशी."

"कोण हलवायचं?"

"काका. तू वाक्य संपलं की वर बघायचीस ना, त्यांच्याकडे? मी ऐकलंय ते रेकॉर्डिंगमध्ये. तर त्यांनी बरोबर म्हटल्यासारखी मान..."

मावशीने चष्मा काढला. माझ्याकडे असं बघितलं जसं मी लहानपणी उलटा फ्रॉक घालून शाळेत निघाले होते तेव्हा बघितलं होतं.

"अगं ए शहाणे," ती म्हणाली, "ते झोपायचे."

"डोळे मिटून ऐकायचे."

"झोपायचे. घोरायचे. दुपारचं भरपेट जेवण, वर ती खड्ड्याची खुर्ची, दुसरं काय होणार? तू जेवायला गेलेली असायचीस म्हणून तुला पत्ता नाही. मी वर बघायचे ते जागे आहेत का बघायला. डुलकी लागली असली की पुढचं वाक्य जरा चढवून वाचायचे. मग दचकून उठायचे आणि आधी कुठे हात जायचा माहितीये? त्या बटणावर. जसं काही इतका वेळ तेच चाललं होतं. पकडायचे नुसतं, फिरवायचे नाहीत. मला वाटायचं, किती खोटारडा माणूस आहे हा, आणि हसू आवरत पुढचं वाचायचे."

मी थोरल्याच्या बटणाकडे बघितलं. चकचकीत झालेली ती एक बाजू.

"आणि टाळी?" मी विचारलं. खरं तर विचारायची भीतीच वाटत होती.

"टाळी त्यांना उठवायलाच. नुसत्या वाचनाने उठले नाहीत की. एकदा मी चुकले तेव्हाच नेमकी वाजवली, तर म्हणाले, वा, हे कापायला फार सोपं जाईल. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना शिकवायला लागले."

माझं ते व्याख्यान. जुन्या लोखंडाचा गोडवा, चित्रांसकट. मला हसू फुटलं आणि ते थांबेना. काचेपलीकडे मावशीही हसत होती, पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत. काका गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मग तिचं हसणं मध्येच कुठेतरी रडणं झालं, आणि माझंही. माझा बोलायचा माइक चालूच राहिला होता, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं नाक ओढणंसुद्धा स्पीकरमधून ऐकू येत होतं.

तिने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि पान सरळ केलं.

"झोप," ती म्हणाली.

"काय?"

"झोप म्हणतेय. हात पोटावर घे. मान जरा खाली. एवढी नाही, मेलेल्या माणसासारखी काय टाकतेस? हां, अशी."

मी खुर्चीत खोल गेले आणि डोळे मिटले. मावशी वाचायला लागली. रखवालदार जिना चढत होता, वारा सुटला होता. एक वाक्य संपलं, आवाज बाजूला गेला, जरा थांबला. पुढचं वाक्य साधंच आलं. मग आणखी काही वाक्यं. मग एक विराम, आणि त्यापाठोपाठ एक वाक्य उसळी मारून आलं, आणि त्याच्या तळाशी दाबून धरलेलं हसू होतं. मी दचकल्यासारखं केलं आणि थोरल्याचं बटण पकडलं. पलीकडून वाक्याच्या मध्यावर एक बारीकसा श्वास आला, हसू गिळल्याचा. मला हा श्वास माहीत होता. पहिल्या भागात तो किती ठिकाणी आहे! मी तो ऐकत आले होते आणि श्रेय डब्याला देत आले होते. कानसेनची ऊब ती हीच. एक बाई पेंगणाऱ्या नवऱ्याला गोष्ट वाचून दाखवत होती, आणि त्याच्यावर चिडली नव्हती.

ते पान दोन्ही प्रीअँपमधून रेकॉर्ड झालं होतं. थोरल्याने नेमकी उसळीच्या वाक्याला कुरकुर केली, म्हणून मी धाकट्याचं पाठवलं. कानसेनचा फोन लगेच आला. इतका खूश की मॅडम म्हणायचं विसरला.

"जुळलं! हेच हवं होतं! म्हणजे शेवटी जुनाच प्रीअँप वापरलात तर."

"तुमच्या कानांपुढे काही लपत नाही बघा," मी म्हटलं.

पहिला भाग बचावला. मावशीला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ नुसताच नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

धाकटा मग आम्ही ठेवून घेतला. थोरल्याच्या मागची वायर मी काढली, पण त्याला टेबलावरून हलवलं नाही. तो उजव्या हाताशी, काकांच्या जागेवरच राहिला. डॉक्टर एकदा येऊन गेला तेव्हा बिनवायरीचा प्रीअँप बघून म्हणाला, "ताई, हा बंद का? मी तर बरा केला होता." मी म्हटलं, "त्याला हलकं काम दिलंय." सगळं रेकॉर्डिंग धाकट्यातून होत होतं आणि थोरल्याचं काम एवढंच, की कुणी दचकून उठलं तर पकडायला बटण असावं.

उरलेली कादंबरी आम्ही अशी केली. मी जेवून यायचे, तेही पोटभर, आणि इमानेइतबारे झोपायचे. सुरुवातीला सोंग असायचं. पुढे पुढे त्या खुर्चीने आपला गुण दाखवला आणि मला खरीच डुलकी लागायला लागली. मग मावशीचं वाक्य चढायचं, मी खरीच दचकायचे, हात आपोआप बटणावर जायचा. एकदा तर टाळीपर्यंत गेलं प्रकरण. "घराणं चालवतेय हो अगदी," मावशी पलीकडून म्हणाली. काकांबद्दल ती आता वाचायच्या आधी आणि नंतर बोलायची, जेवणात मीठ जास्त झालं होतं का त्यापासून ते दाढीच्या फेसापर्यंत. पूर्वी तो विषय आला की आम्ही दोघीही उठून काहीतरी आवरायला लागायचो.

शेवटचं प्रकरण आलं त्या दुपारी मी जागी होते. डोळे मिटलेले, हात पोटावर, पण पूर्ण जागी. रखवालदार म्हातारा झाला होता, नवा माणूस आला होता, चाव्या देऊन झाल्या होत्या. शेवटच्या पानावर मावशी वाक्यामागून वाक्य वाचत होती आणि प्रत्येक वाक्यापाशी तिचा आवाज बाजूला जाऊन काचेकडे येत होता. शेवटचं वाक्य मला माहीत होतं. ते चढवून येणार असं मी धरूनच चालले होते, इतक्या मोठ्या पुस्तकाचा शेवट, आणि हात बटणाच्या जवळ आणून ठेवला होता.

ती थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग वाक्य आलं, अगदी हळू, घरात कुणी झोपलेलं असताना आपण दुसऱ्याला काही सांगतो तसं.

"मग रखवालदार पायऱ्या उतरून घरी गेला."

चष्म्याच्या काड्या मिटल्याचा आवाज आला. पलीकडचं दार उघडलं, आवाज न करता, आणि अलीकडचंही तसंच. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी डोळे उघडले नाहीत. तिने हात पुढे करून थोरल्याच्या बटणावर ठेवला, चकचकीत झालेल्या बाजूला, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग कप उचलून ती धुवायला घेऊन गेली.

रेकॉर्डिंग पाठवल्यावर कानसेनचा फोन आला.

"मॅडम, सगळं अप्रतिम जुळलंय. फक्त शेवटचं वाक्य फार खाली गेलंय. बाकीच्यांशी जुळत नाही. मी वर घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "ते नाही जुळणार. तसंच राहू द्या."